रिक्त पद म्हणजे बचत नव्हे
राज्याच्या वित्तमंत्र्यांना एका प्राध्यापकाचे खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका.

महोदय,



महाविद्यालयांच्या प्रश्नावर पत्र लिहायचे तर ते उच्च शिक्षणमंत्र्यांना लिहावे, अशी रीत आहे. मी ते मुद्दाम आपल्याला लिहितो आहे. उच्च शिक्षण विभाग पदे मागतो, संघटना आंदोलने करतात, अधिवेशनात प्रश्न उपस्थित होतात, सकारात्मक उत्तर मिळते आणि मग फाइल वित्त विभागाकडे जाते. तिथे ती अडते, आणि अडण्याचे कारण दरवेळी एकच सांगितले जाते : आर्थिक भार.

मी ग्रामीण भागातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. विभागप्रमुख म्हणून दरवर्षी वर्कलोडचा तक्ता भरतो. आठवड्याच्या तासिका किती, मंजूर पदे किती, भरलेली किती, उरलेल्या तासिकांना तासिका तत्त्वावर किती माणसे लागतील, हे सगळे त्यात मांडावे लागते. पद रिक्त ठेवल्याने भार नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जातो. कुणाच्या, हे त्या तक्त्यात दरवर्षी दिसते. तेच आपल्यासमोर मांडायचे आहे.

आधी आकडे पाहू. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत अध्यापकांची सुमारे ३१ हजार पदे मंजूर आहेत. २०१७च्या मे महिन्यात सुधारित आकृतिबंधाचे कारण देऊन भरती थांबली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सुमारे नऊ हजार पदे रिक्त होती. २०१८च्या नोव्हेंबरात त्यांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदे भरायला मान्यता मिळाली. ना-हरकत, आरक्षणाची बिंदुनामावली, जाहिरात, मुलाखती असे सोपस्कार चालू असतानाच २०२० साली कोरोना आला आणि पुन्हा बंदी लागू झाली. तोवर दीड हजारांच्या आतच पदे भरली गेली होती. २०२१च्या नोव्हेंबरात २,०८८ पदांना मान्यता मिळाली, तेव्हा मोठ्या भरतीच्या बातम्या आल्या. प्रत्यक्षात ती २०१८च्या मान्यतेतलीच उरलेली पदे होती. म्हणजे २०१७ साली जेवढी पदे रिक्त होती त्यांच्या निम्मीसुद्धा भरायचे शासनाने ठरवले नव्हते, आणि जी भरायचे ठरवले तीही वर्षानुवर्षे रेंगाळली. या काळात निवृत्ती मात्र थांबली नाही. साठाव्या वर्षी माणसे निवृत्त होत राहिली. २०२५ साली पाच हजारांहून अधिक पदांची घोषणा झाली, तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण घोषणा आणि वर्गात उभा राहिलेला शिक्षक यांच्यात किती अंतर असते, ते आम्ही पाहिले आहे.

रिक्त पदाचा कार्यभार कुणीतरी सांभाळावाच लागतो. तो तासिका तत्त्वावरचा, म्हणजे आमच्या भाषेत सीएचबीचा प्राध्यापक सांभाळतो. नेट किंवा सेट उत्तीर्ण, बऱ्याचदा पीएच.डी. झालेला, तीस ते पंचेचाळीस वयाचा हा माणूस. एका सीएचबी प्राध्यापकाला आठवड्याला साधारण नऊ तासांपर्यंतच काम देता येते. तासाचा दर हजार रुपये धरला आणि वर्षाचे अध्यापनाचे तीस आठवडे पूर्ण भरले असे मानले, तरी वर्षाला मिळतात २ लाख ७० हजार रुपये. हे झाले सगळे सुरळीत चालले तर. परीक्षा, सुट्ट्या, निवडणुकीची कामे, विद्यार्थ्यांची शिबिरे यांत जे तास बुडतात त्यांचे पैसे मिळत नाहीत. नेमणुकीचा आदेश जूनमध्ये निघत नाही, अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. तोवर पहिल्या सत्राचा मोठा भाग संपलेला असतो. मानधनाची देयके सहसंचालक कार्यालयातून मंजूर होऊन येईपर्यंत काही महिने जातात. दिवाळीला हातात पैसे नसलेले प्राध्यापक प्रत्येक तालुक्यात भेटतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत नेमणूक नसते, त्यामुळे पैसाही नसतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. दहा-बारा वर्षे हेच करणारी माणसे मी ओळखतो.

आता आपल्या खात्याचा हिशेब. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, म्हणजे भत्ते सोडून वर्षाला ६ लाख ९२ हजार ४०० रुपये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार त्याने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. तेवढेच १६ तास तासिका तत्त्वावर, तीस आठवडे, हजार रुपये दराने करून घेतले तर खर्च येतो ४ लाख ८० हजार. फरक २ लाख १२ हजार ४०० रुपयांचा, त्यात भत्ते आणि निवृत्तीच्या तरतुदी मिळवल्या तर आणखी मोठा. वित्त विभागाच्या वहीत ही बचत दिसते. ती का दिसते, ते मात्र त्या वहीत लिहिलेले नसते.

पूर्णवेळ प्राध्यापक १६ तास शिकवून घरी जात नाही, म्हणून हा फरक पडतो. आयोगाच्या नियमांप्रमाणे त्याचा आठवडा ४० तासांचा आहे. उरलेल्या वेळात तो प्रवेशाच्या दिवसांत गोंधळलेल्या पालकांशी बोलतो, अंतर्गत मूल्यमापन करतो, उत्तरपत्रिका तपासतो, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर नेतो, नॅकची कागदपत्रे करतो, संशोधन करतो, ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादी काढतो, एखाद्या मुलीचे शिक्षण लग्नासाठी थांबणार असे कळले तर तिच्या घरी जाऊन येतो. नऊ तासांच्या माणसाकडून हे काम अपेक्षितच नाही, कारण त्याचे पैसे त्याला दिले जात नाहीत. तरीही तो ते करतो, कारण पुढच्या वर्षीची नेमणूक संस्थेच्या हातात असते. आपण ज्याला बचत म्हणतो ती या तरुणाच्या न दिलेल्या श्रमातून आलेली आहे. आणि जे काम फुकटही होऊ शकत नाही ते होतच नाही. त्याची किंमत विद्यार्थी मोजतो.

ती कशी मोजतो, हे सांगायला हवे. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांसाठी विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडतात. शिक्षक कमी, प्रयोगशाळा परिचर नाही, साहाय्यकाचे पद रिक्त. मग दोन तुकड्या एकत्र केल्या जातात. रसायनशास्त्राची मुले ब्युरेटभोवती कोंडाळे करून उभी राहतात, एक जण अनुमापन करतो आणि बाकीचे वहीत आकडे उतरवतात. पदवीच्या कागदावर विज्ञान शाखा असते, हातात मात्र प्रयोगाचे कौशल्य नसते. असा पदवीधर औषधनिर्माण कंपनीत मुलाखतीला जातो आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळतो, तेव्हा आपण म्हणतो की आजच्या पदवीधरांत रोजगारक्षमता नाही.

कला शाखेची गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची आहे. तत्त्वज्ञान, संस्कृत, अर्धमागधी, भूगोल, अगदी मराठी आणि हिंदीही. अनेक महाविद्यालयांत हे एका शिक्षकाचे विभाग आहेत. तो शिक्षक निवृत्त झाला की पद रिक्त राहते. शिकवायला कुणी नाही म्हणून प्रवेशाच्या वेळी तो विषय मुलांना सुचवला जात नाही. मुले नाहीत म्हणून कार्यभार नाही. कार्यभार नाही म्हणून पदाची गरज उरत नाही. दोन-तीन वर्षांत विभागाच्या दाराला कुलूप लागते. हा विषय बंद करावा असा निर्णय कुणीही, कुठल्याही बैठकीत घेतलेला नसतो. एक पद वेळेवर भरले नाही, एवढ्याने पन्नास वर्षांची परंपरा संपते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सगळ्यांबरोबर आम्हीही आनंद साजरा केला. त्या दर्जाचे रोजचे काम मराठी विभागात चालते : जुने ग्रंथ वाचायला शिकवणे, बोलींचा अभ्यास करणे, पुढचे अध्यापक आणि संशोधक तयार करणे. तिथले पद रिक्त असेल तर दर्जा टिकवणार कोण?

यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची भर पडली. २०२४-२५पासून राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत नव्या धोरणाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि हवे असेल त्याला चौथे वर्ष. कल्पना चांगली आहे. विद्यार्थ्याला विषय निवडायचे स्वातंत्र्य मिळावे, हे कुणाला नको आहे? पण निवडीला पर्याय लागतात आणि प्रत्येक पर्यायामागे एक शिक्षक लागतो. पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयात यादी लांबलचक असते. तालुक्याच्या ठिकाणी जो शिक्षक हजर आहे तोच विषय ‘निवडला’ जातो. एकाच धोरणाखाली दोन प्रकारची पदवी तयार होते आहे आणि दोघांच्या गुणपत्रिकेवर श्रेयांक मात्र सारखेच आहेत.

आपल्या शासनाने २०२४ साली एक मोठे पाऊल उचलले. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. त्याबद्दल शासनाचे अभिनंदनच करायला हवे. मुलींच्या शिक्षणाची एवढी काळजी असलेल्या शासनाने आणखी एक गोष्ट पाहावी. ग्रामीण भागातली बहुसंख्य मुले-मुली आजही जवळच्या साध्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयात येतात. सकाळच्या एसटीने येऊन दुपारी घरी परतता येईल एवढ्या अंतरावर महाविद्यालय असेल, तरच मुलीला पाठवायचे, असे आजही असंख्य घरांत ठरते. तिच्यासाठी उच्च शिक्षण म्हणजे हे एकच महाविद्यालय. तिथे इंग्रजीचा शिक्षक सप्टेंबरपर्यंत आला नाही तर तिने कुठे जायचे? खासगी शिकवणी तिच्या गावात नाही आणि ऐपतीतही नाही.

ही महाविद्यालये उभी कशी राहिली, याचा आपल्याला विसर पडू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी, कोल्हापूर भागात बापूजी साळुंखे यांनी हेच काम केले. लोकांनी जमिनी दिल्या, धान्य दिले, वर्गण्या दिल्या. पुढे शासनाने वेतनाची जबाबदारी घेतली. समाजाने इमारत उभी करायची आणि शासनाने शिक्षक द्यायचा, या समझोत्यावर महाराष्ट्राचे उच्च शिक्षण गावागावांत पोचले. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तेव्हा या समझोत्याला पहिला मोठा छेद गेला. २००१ पासून नव्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावरच मान्यता देण्याचे धोरण आले. उरला तो जुना अनुदानित पाया. आज पदे रिक्त ठेवून तोही आतून पोकळ केला जातो आहे.

आपल्या बाजूचे म्हणणेही मला ठाऊक आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा मोठा हिस्सा जातो. काही महाविद्यालयांत विद्यार्थी खरोखरच कमी झाले आहेत. गरज नसलेल्या ठिकाणी राजकीय सोयीने मान्यता दिल्या गेल्या. पूर्ण पगार घेऊन वर्गावर न जाणारे प्राध्यापकही आहेत, आणि अशांबद्दल आम्ही प्राध्यापकांनी जेवढे बोलायला हवे तेवढे बोलत नाही. हे सगळे खरे मानून मी विचारतो : त्यावर पदे रिक्त ठेवणे हा उपाय कसा होतो? निवृत्ती चांगले महाविद्यालय आणि वाईट महाविद्यालय पाहून येत नाही. विद्यार्थ्यांनी भरलेल्या विभागातलाही शिक्षक जातो आणि रिकाम्या विभागातलाही. महाविद्यालयांची फेररचना करायची असेल तर निकष जाहीर करा, तपासणी करा, जिथे विद्यार्थी नाहीत तिथली पदे जिथे आहेत तिथे न्या, कामचुकारांवर कारवाई करा. त्या निर्णयांना आम्ही उत्तरदायी राहू. बंदीमुळे हे निर्णय टळतात आणि नुकसान मात्र सरसकट सगळ्यांचे होते.

नियम काय सांगतात, तेही पाहावे. अगदीच गरज असेल तेव्हाच कंत्राटी अध्यापक नेमावेत आणि त्यांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत आहे. अतिथी अध्यापकांसाठी आयोगाने २०१९ साली व्याख्यानाला दीड हजार रुपये आणि महिन्याला कमाल ५० हजार अशी शिफारस केली. आपल्या राज्यातल्या नेमणुका दोन्ही कसोट्यांवर कुठे उभ्या आहेत, हे आपले अधिकारी आपल्याला सांगू शकतील. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात निकाल दिला. महिना ३० हजारांवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या त्या अध्यापकांना वेतनश्रेणीतले किमान वेतन द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. गुरूचा गौरव करणारे श्लोक समारंभात म्हणणे पुरेसे नाही, त्याला मिळणाऱ्या वागणुकीतही तो गौरव दिसला पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. महाराष्ट्राने असा निकाल आपल्यावर येण्याची वाट पाहू नये.

आणखी एका गोष्टीबद्दल न बोलता हे पत्र पुरे केले तर ते अप्रामाणिक ठरेल. अनुदानित पदावर नेमणुकीसाठी लाखो रुपये मोजावे लागतात, असे उघडपणे बोलले जाते. कर्ज काढून, शेत विकून पद मिळवल्याच्या कहाण्या प्रत्येक जिल्ह्यात ऐकू येतात. वेतन जनतेच्या पैशातून जाणार असेल तर निवडही जनतेला दिसेल अशीच व्हायला हवी. पश्चिम बंगालने १९७८च्या कायद्याने महाविद्यालयीन सेवा आयोग नेमला, उत्तर प्रदेशानेही १९८०च्या कायद्याने असा आयोग नेमला. त्यांच्या उणिवा असतील, त्या आपण टाळू शकतो. पण पद भरायचे आणि ते विकले जाऊ द्यायचे, याला भरती म्हणता येणार नाही. टंचाई जितकी मोठी तितका बाजार तेजीत असतो. पदे वर्षानुवर्षे अडवून ठेवल्यानेच एकेका पदाची किंमत एवढी चढली आहे.

म्हणून येत्या अर्थसंकल्पाआधी माझ्या आपल्याकडे पाच मागण्या आहेत.

पहिली : मंजूर पद भरण्यासाठी दरवेळी वित्त विभागाची नवी मान्यता लागू नये. कोण कधी निवृत्त होणार ही तारीख त्याच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. निवृत्तीच्या सहा महिने आधी भरतीची प्रक्रिया आपोआप सुरू व्हावी.

दुसरी : निवड स्वतंत्र आयोगामार्फत व्हावी, गुणवत्ता यादी जाहीर व्हावी, बिंदुनामावली काटेकोर पाळली जावी.

तिसरी : तासिका तत्त्वावरच्या नेमणुका १० टक्क्यांच्या आत आणण्याचा वर्षवार आराखडा जाहीर व्हावा. तोवर या अध्यापकांना सत्राच्या पहिल्या दिवशी आदेश, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मानधन, विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेला दर आणि नियमित भरतीत अनुभवाचे गुण मिळावेत.

चौथी : ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक, प्रयोगशाळा साहाय्यक, परिचर आणि कार्यालयीन कर्मचारी यांची पदेही याच वेळापत्रकात भरली जावीत. कुलूप लावलेले ग्रंथालय आणि धूळ खाणारी प्रयोगशाळा यांच्या जोरावर कुठलेही धोरण यशस्वी होणार नाही.

पाचवी : प्रत्येक महाविद्यालयाची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे विषयवार दाखवणारा तक्ता दरवर्षी प्रवेशाआधी जाहीर व्हावा. आपल्या मुलीला कोण शिकवणार आहे, हे जाणून घेण्याचा हक्क पालकांना आहे.

कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे सांगितले. २०२० सालच्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. २०३५ पर्यंत उच्च शिक्षणात निम्मी तरुण पिढी आणण्याचे उद्दिष्टही त्याच धोरणात आहे. ही मुले वर्गात येतील तेव्हा त्यांच्यासमोर उभा राहणारा शिक्षक आज नेमायला हवा, कारण अनुभवी शिक्षक एका वर्षात तयार होत नाही. ज्या पिढीने नेट-सेट आणि पीएच.डी. करून वाट पाहिली, ती आता चाळिशी ओलांडते आहे. तिने हा व्यवसाय सोडला तर तिच्या मागून कुणी हुशार विद्यार्थी या वाटेला येणार नाही.

महोदय, रस्ता एक वर्ष उशिरा झाला तर पुढच्या वर्षी करता येतो. विद्यार्थ्याचे पदवीचे वर्ष पुन्हा येत नाही. येत्या अर्थसंकल्पात सर्व मंजूर पदांच्या वेतनाची पूर्ण तरतूद करा, आणि नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी शिक्षक वर्गात पोचतील असे पाहा. ही विनंती मी माझ्या पगारासाठी करत नाही, तो मला वेळेवर मिळतो. ज्यांना मिळत नाही आणि ज्यांना शिक्षकच मिळत नाहीत, त्यांच्या वतीने ती करतो आहे.

आपला विश्वासू,
ग्रामीण महाराष्ट्रातील एका अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापक